पुढे सरकलेल्या घागरी

टँकरच्या पाण्याने भिजलेल्या धुळीचा वास आला की दहावीचं वर्ष आठवतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ होता. संध्याकाळी रांगेत ठेवलेल्या आम्हा दोघी मैत्रिणींच्या घागरी सकाळी कुणीतरी सर्वांत पुढे नेऊन ठेवलेल्या असत. त्यामुळे शाळा चुकत नसे, पण बायका विचारत, "कोण गं हा तुमचा पाणक्या?" मैत्रीण घाबरून म्हणे, "घरी बोलू नको बाई, आबा शाळाच बंद करतील." शेवटी त्याला ओळखू येऊ नये म्हणून तिनं आपल्या घागरीऐवजी मावशीची कळशी आणून ठेवली. सकाळी तीही पुढेच होती. "म्हंजे त्याला घागर न्हाई, मी ठाऊक हाय," ती पुटपुटली. पुढे आम्ही दोघीही आपापल्या घरातल्या पहिल्या पदवीधर झालो. कधीच समोर न आलेल्या त्या माणसाचे आभार मानावेत की अजूनही त्याला घाबरावं, हे मला आजही कळत नाही.