चौथी पास, वाचता येत नाही

कर्जतच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. शिकवते कसली, ओरडते, असं पोरं म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प असतो. एखादी वस्ती निवडायची, घरोघर जाऊन फॉर्म भरून घ्यायचे, आकडे मांडायचे आणि त्यावरून काय कळलं ते लिहायचं. निम्मी पोरं टीव्हीसमोर बसून फॉर्म भरतात. कधी निळं पेन, कधी काळं, मधूनच एखादा चहाचा डाग, ही सगळी सोंगं मला पाठ. "मला बनवायला निघालास होय रं?" म्हणत भर वर्गात मी फॉर्म भिरकावलेत. पोशीरच्या शेतकऱ्याची लेक मी, माझ्या डोळ्यांत धूळ टाकणं सोपं नाही, अशी माझी घमेंड होती.

तीन वर्षांपूर्वी विषय दिला होता बायकांच्या वाचनाचा. या फॉर्मांवरून जिथे सगळ्यात जास्त गरज दिसेल, त्या एका वस्तीत बायकांना वाचायला शिकवणारा वर्ग काढायचा, असं कॉलेजने ठरवलं होतं. एकच वर्ग, एकच वर्ष. म्हणून आकडे खरे आणा, असं पोरांच्या कानीकपाळी ओरडले. आणि नेहमीचं तेही सांगितलं, की कुणी काय सांगितलं ते फॉर्मबाहेर जाता कामा नये. शेजाऱ्याला नाही, घरच्यांनाही नाही. "माणूस विश्वासाने सांगतो. तो विश्वास मोडलात तर तुमच्या आकड्यांना काडीची किंमत नाही." हे मी दरवर्षी म्हणते आणि चांगलं टेबल आपटून म्हणते.

वर्गात खालापूरकडची, डोंगराच्या पायथ्याच्या एका आदिवासी वाडीतली मुलगी होती. त्या वाडीतून कॉलेजपर्यंत आलेली ती पहिलीच. बोलणं कमी, बसणं मागे. तिने आपलीच वाडी घेतली आणि चाळीस फॉर्म भरून आणले. मी चाळायला लागले आणि तिसऱ्याच फॉर्मला अडले. शिक्षण: चौथी पास. वाचता येतं का: नाही. खाली सही, तीही चांगली वळणदार. पुढे तसाच आणखी एक, मग आणखी. दहा-बारा तरी निघाले तसले.

"काय गं, चौथी पास आणि वाचता येत नाही? मग पास केलं कुणी, तू?"

वर्ग खदखदून हसला. ती म्हणाली, "मॅडम, त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय."

"आणि ही सही?"

"सही येते त्यांना. तेवढीच येते."

माझ्या सख्ख्या काकूला सहीपलीकडे अक्षर येत नाही. शाळेत चार वर्षं गेली होती ती, मग लग्न, शेत, पोरं, आणि सगळं पुसलं गेलं. हे मला त्या क्षणी आठवायला काय झालं होतं? पण चोरी पकडली असं एकदा डोक्यात बसलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हटलं, चल, तुझ्या वाडीतच जाऊन बघू.

रविवारी स्कूटर काढली आणि तिला मागे बसवून निघाले. वाटेत ती एकदाच म्हणाली, "मॅडम, एकेकीला वेगळं विचाराल का?" मी म्हटलं, "कसं विचारायचं ते तू मला शिकवू नकोस." वाडीच्या शाळेच्या ओट्यावर पाच-सहा बायका विकायची करवंदं निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात मधोमध बसलेली बाई शाळेच्या पालक समितीची अध्यक्ष. पन्नाशीची असेल, बाकीच्या तिच्याकडे बघून मग बोलत होत्या. तिचाच फॉर्म माझ्या हातातल्या गठ्ठ्यात सगळ्यात वर होता.

मी उभ्या उभ्या, खणखणीत आवाजात वाचला. "ताई, तुम्ही अध्यक्ष ना? यात लिहिलंय, चौथी पास, वाचता येत नाही. खरं का हे?"

तिचे हात थांबले. शेजारची एक तरणी बाई पदर तोंडाला लावून हसली. अध्यक्षबाई आधी तिच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली. "कोन म्हनतं? येतं की वाचता. समितीच्या कागदांवर सह्या करते मी, न वाचता करते काय?"

मी मुलीकडे वळले. ती त्या बाईकडे बघत होती. मग खाली बघत म्हणाली, "चुकलं माझं, मॅडम. मीच मनाने भरलं."

खरं सांगते, मला आनंद झाला. जिंकल्यासारखं वाटलं. त्या बायकांच्या देखत मी तिला चाळीसच्या चाळीस फॉर्म फाडायला लावले. वर अक्कल पाजळली, "आपल्याच माणसांना अडाणी ठरवतेस, लाज नाही वाटत?" नवे भरून आण, नाहीतर वर्ष गेलं समज, असंही सुनावलं. तुकडे गोळा करून तिने ओढणीत बांधले.

आठ दिवसांत नवे फॉर्म आले. चौथी पास त्या सगळ्यांना वाचता येत होतं. कुठे विसंगती नाही, खाडाखोड नाही. मी तिला भरपूर मार्क दिले आणि तिचा प्रकल्प वर्गाला दाखवून म्हटलं, याला म्हणतात काम. गरजेच्या यादीत तिची वाडी तळाला गेली. वाचनाचा वर्ग कर्जतच्या अलीकडच्या दुसऱ्याच वस्तीला मिळाला.

गेल्या वर्षी मी कर्जतच्या एसटी स्टँडवर उभी होते. समोर गाडी लागलेली, काचेवर ठळक पाटी, पनवेल, चौक मार्गे. मागून कुणीतरी विचारलं, "ओ बाई, ही चौकवरनं जाते का?" मी वळले. तीच अध्यक्षबाई. तिनेही मला ओळखलं.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय बोलावं? मी म्हणाले, "तुम्ही तर वाचता येतं म्हणाला होतात."

ती चिडली नाही. "मग काय सांगनार, बाई? सून बसली होती तिथं, जावा होत्या. समितीत मला सगळी मानतात. पोरीला सांगितलं होतं मी. ती म्हनली, काकी, खरं सांग, शिकवायला कोनीतरी येईल आनि बाकी कोनाला कळनार नाय. तिनं नाय सांगितलं कोनाला. तुमी सांगितलंत."

माझी मान जी खाली गेली ती वर येईना. तिने पिशवी काखेत मारली, गाडीची पायरी चढली आणि दारातून वळून विचारलं, "तो वर्ग आमच्याकडं कधी येनार मग?"

वर्ग वर्षभराचाच होता. तो कधीच संपला होता आणि दुसरा मिळणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "बघते." तिने मान डोलावली, जणू मी खरंच बघणार होते.

मुलगी तोवर रसायनीला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला लागली होती. घरी आल्या आल्या तिला फोन लावला, माफी मागायला. आणि माझ्या जिभेने पहिलं वाक्य काय काढावं? "तू तेव्हा बोलली का नाहीस गं?"

पलीकडे कुणीतरी टायपिंग करत होतं. ती म्हणाली, "कसं बोलणार, मॅडम? कुणाचं काही बाहेर जाता कामा नये, असं तुम्हीच सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी शब्द पाळते की नाही ते बघायला मुद्दाम आलाय."

"आणि फॉर्म फाडायला लावले तेव्हा?"

"तेव्हापण तसंच वाटलं. म्हटलं, सोमवारी मॅडम बोलावून सांगतील, पास झालीस म्हणून. म्हणून नवे फॉर्म मुद्दाम खोटे भरले. तुम्हाला लगेच कळेल असे भरले, कधी निळं पेन, कधी काळं, मधे चहाचा डागसुद्धा. त्यांना तुम्ही मार्क दिलेत ना, तेव्हा मला कळलं, परीक्षा नव्हतीच."