लहान आकड्याच्या तारा

पुढे जे लिहितो आहे ते माझ्या पत्नीला ठाऊक नव्हते. ती गेली. मुलांना ठाऊक नाही. ज्याच्याशी त्याचा संबंध आहे त्यालाही नाही — म्हणजे, त्याला एक हकिकत ठाऊक आहे, पण ती खरी नाही. खरी माझ्याजवळ आहे. ती बाळगण्याचा आता कंटाळा आला आहे. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. कंटाळा हा शब्द पुरेसा आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरे आहे. ओळखीच्या माणसाला सांगायचे तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होतो. दिवसा सुताच्या गाठी पाहाव्यात, संध्याकाळी अ‍ॅकॉर्डियन वाजवावे, असा क्रम होता. शुक्रवार पेठेत आमचा एक लहानसा ऑर्केस्ट्रा होता. तो मी उभा केला होता, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. गणपतीत आणि लग्नसराईत मोहोळपासून नातेपुत्यापर्यंत आम्ही कार्यक्रम करीत असू. कोणाचे पोट त्यावर चालत नव्हते. पण मंचावर उभा असताना मी कारकून नसे — हे मला फार महत्त्वाचे वाटे. किती महत्त्वाचे, ते मला उशिरा कळले.

अंबादास आमच्याकडे बेस गिटार वाजवीत असे. तेलुगू विणकरांच्या घरातला मुलगा. दिवसभर यंत्रमागावर उभा राही, हात धुऊन तालमीला येई. बेस गिटारला चारच तारा असतात, जाड. ती गाणे वाजवीत नाही. गाण्याखालची जमीन धरून ठेवते. श्रोत्यांना ती ऐकू येते आहे हे कळतही नाही, थांबली की मात्र चुकल्यासारखे होते. अंबादास तार छेडत नसे, ठोकत असे. "मागाच्या खडखडाटात वाढलोय मास्तर, हळू काय करायला येतच न्हाय," असे म्हणे. त्याच्या त्या ठोक्यावर मागच्या रांगेतल्या माणसांचे पाय हलत. अ‍ॅकॉर्डियनवर मी अनेक वर्षे घासली होती. माझ्या वाजवण्यावर कोणाचे पाय हलल्याचे मला आठवत नाही.

हे कारण म्हणून सांगत नाही. वस्तुस्थिती म्हणून सांगतो.

एके वर्षी गणपतीच्या आधी पुण्याहून निरोप आला. तिथल्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचे मालक आमचा कार्यक्रम ऐकायला येणार होते. त्यांचा बेसवाला सोडून गेला होता. अंबादासबद्दल त्यांना कोणीतरी सांगितले होते; माझ्याबद्दल काही सांगितले होते की नाही, ते निरोपात नव्हते. त्यांना अंबादास पसंत पडला असता तर त्याचा माग सुटला असता. त्याने घरी बोलून ठेवले होते. वडील हो म्हणाले होते, आणि विणकराच्या घरात ही साधी गोष्ट नव्हे.

नेमकी त्याच सुमारास त्याच्या गिटारची सर्वांत जाड तार तुटली. उरलेल्या तिन्ही गंजून मुक्या झाल्या होत्या. गिटार जुनी घेतलेली, तारा तिच्यासोबतच आलेल्या. नव्या तारांचे पाकीट त्याने कधी पाहिले नव्हते. सोलापुरात बेसच्या तारा मिळत नसत. मी पेढीच्या कामाने मुंबईला निघालो होतो. तो पेढीच्या पायरीशी येऊन थांबला.

"मास्तर, तारा आणा की तेवढ्या."

"कोणत्या आणू?"

"नंबर असतोय म्हणं पाकिटावर. बारका नंबर बघून आणा. जेवढा बारका मिळंल तेवढा."

तो असे का म्हणाला, हे सोलापुरात कोणालाही कळेल. सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. दहा नंबरचे सूत जाड, ऐंशीचे तलम. जन्मभर सूत हाताळलेल्या माणसाला जाड तार हवी असेल तर तो लहान नंबरच मागणार. त्याच्या हाताला जाडच तार लागते, हे त्याने बोलून दाखवण्याची गरज नव्हती. मला ते ठाऊक होते. मीही सुतातच नोकरी करीत होतो. मलाही तेव्हा त्याचे बरोबरच वाटले.

इथपर्यंत माझा दोष नाही. इथेच थांबता आले असते तर?

मुंबईत वाद्यांच्या दुकानात मी सर्वांत लहान आकड्याच्या तारा मागितल्या. दुकानदार वयस्क होते, बोलायची हौस असलेले. त्यांनी एक पाकीट ठेवले आणि शेजारी दुसरे ठेवले. म्हणाले, "या हलक्या, लहान आकड्याच्या. बोटांना सोप्या जातात. या भारी, मोठ्या आकड्याच्या. जोरात वाजवणारा असेल तर हलक्या नेऊ नका, दांडीवरच्या पडद्यांवर आपटतील नुसत्या. वाजवणारा कसा आहे?"

मी दोन्ही पाकिटे हातात घेऊन पाहिली. वजनातला फरक तळहातालाही कळत होता. तारेचा हिशेब सुताच्या उलटा आहे, हे मला त्या क्षणी समजले. अंबादासची चूक समजली. ती किती सहज दुरुस्त होईल, तेही समजले. दुकानदार वाट पाहत होते.

मी म्हणालो, "मऊ हाताचा आहे."

एवढेच. तीन शब्द, एका अनोळखी माणसाला सांगितलेले. अंबादास गेला तर ऑर्केस्ट्रा मोडेल, मी इतरांचा विचार केला, असे मी पुढे अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. तसे नव्हते. मला त्याचे जाणे सहन होत नव्हते. तो जाणार आणि मी गाठी पाहत राहणार — दुसरे काही माझ्या मनात नव्हते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी परतलो. अंबादासने माझ्यासमोरच तारा चढवल्या. दुसरी चढवतानाच त्याचा हात थांबला.

"मास्तर, ह्या बारीक हायत की."

"तू सांगितलास तोच आकडा आणला. सर्वांत लहान."

तो पाकिटाकडे पाहत राहिला. मग त्याच्या ध्यानात आले आणि तो हसला. "आमच्या सुताचं आणि ह्यांचं उलटं हाय व्हय? मीच येडा. तुमी तरी काय करणार, बरोबर आणलाव तुमी." मला वाईट वाटू नये म्हणून तो हसत होता. तुमच्यावर असा प्रसंग कधी आला आहे का, की ज्याचे नुकसान तुम्ही केले तोच तुमची समजूत काढतो आहे? मी त्याला समजूत काढू दिली.

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या मांडवात जे व्हायचे ते झाले. त्याने नेहमीसारखा ठोका दिला की तार पडद्यांवर फडफडे. हात आवरला की आवाज पुढच्या रांगेपलीकडे जात नसे. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तो जागा शोधत होता. कपाळ घामाने भिजले होते. कोणाचेही पाय हलले नाहीत. मी पाहिले. वाजवताना मी तेच पाहत होतो.

कार्यक्रमानंतर मालक माझ्यासोबत चहाला बसले. भले गृहस्थ होते. म्हणाले, "मास्तर, मुलगा तालाला पक्का आहे. पण सुराला पोट नाही. तारांचं काही आहे, का हातच असा आहे?"

त्यांनी विचारले होते. हे मी तुम्हाला पुन्हा सांगतो, कारण मलाच ते विसरायचे असते. त्यांनी सरळ विचारले होते. तारा चुकीच्या आल्या, एवढे म्हटले असते तर त्यांनी त्याला पुण्याला बोलावून पुन्हा ऐकले असते. त्यासाठी माझा गुन्हाही कबूल करावा लागत नव्हता.

मी म्हणालो, "हात अजून कच्चा आहे."

त्यांनी मान डोलावली. बाहेर अंबादास उभा होता. "काय म्हणाले, मास्तर?" पुढच्या वेळी पाहू म्हणाले, असे मी सांगितले. पुढची वेळ आली नाही. ऑर्केस्ट्राही काही वर्षांत मोडला. निदान ऑर्केस्ट्रा तरी वाचवला, असे म्हणण्याचीही सोय उरली नाही.

अंबादास मागावरच राहिला. ही हकिकत तो स्वतःची फजिती म्हणून सांगत असे — चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, माझ्यादेखतही. "पुण्याला जाणार होतो की मी. बारका नंबर मागून बसलो. मास्तर बिचारे, सांगितलं तेच घेऊन आले." लोक हसत. कोणीतरी म्हणे, "आरं, दुकानदाराला इचारायचं की." यावर तो म्हणे, "मास्तरांना काय ठावं त्यातलं." मीही हसत असे. बेताने.

मागावर आयुष्य काढणाऱ्यांचे कान उतरतात. त्याचे तर पन्नाशीतच उतरले. आधी मागून मारलेली हाक ऐकू येईना, मग समोरचे बोलणे. आता काहीच येत नाही. पुण्याला गेला असता तर त्याचे कान राहिले असते का? मला ठाऊक नाही. हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो असेही नाही. कधी कधी विचारतो.

गेल्या दिवाळीत त्याच्या घरी गेलो. सांगायचे, असे ठरवून गेलो होतो. सून चहा ठेवून आत गेली. मी त्याच्यासमोर बसलो आणि नेहमीच्या आवाजात सगळे सांगितले — ते दुकान, ती दोन पाकिटे, मी दिलेले उत्तर, आणि मालकांना दिलेले दुसरे उत्तर. एकही शब्द गाळला नाही. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. माझे संपले तेव्हा तो ओशाळून हसला.

"काय बी ऐकू येत न्हाय मास्तर. सून लिहून दावती, मग समजतंय. थांबा."

त्याने कोनाड्यातून कागद आणि पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. त्याला ऐकू येत नाही हे मला घरून निघतानाच ठाऊक होते. म्हणूनच मला जाता आले होते.

मी कागद त्याच्याकडे सरकवला आणि हातानेच सांगितले — काही नाही, सहज आलो होतो. तेवढे त्याला कळले.