वन्संच्या झुल्याची दोरी

आमच्या अंधेरीच्या सोसायटीत त्या वर्षी मॅक्रमची साथ आली होती. साथच म्हणायची. तळमजल्यावरच्या एका बाईंनी क्लास काढला आणि महिन्याभरात तिन्ही मजल्यांवर एकही घर सुटलं नाही. नायलॉनच्या दोऱ्यांना गाठी मारमारून बायकांनी कुंड्या टांगल्या, टीव्हीला झालर लावली, भिंतीवर मण्यांच्या डोळ्यांची घुबडं बसवली. घुबडाचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करणाऱ्या माझ्या सासूबाईसुद्धा शेजारणीकडे जाऊन "डोळे मात्र छान जमलेत हो," म्हणून आल्या.

मी तर वेडीच झाले होते. बेडरूमच्या दाराच्या कडीला दोरी अडकवून दुपारभर गाठी मारत बसायचे. ह्यांनी पलीकडून दार ओढलं की माझं अर्धं काम दाराबरोबर जायचं आणि मी कडाडायचे. "दार आहे की तुझा माग?" हे विचारायचे. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, तापट. आता वयानं थोडा निवलाय, असं मी म्हणते. घरातलं दुसरं कोणी म्हणत नाही.

त्यातच वन्संचं डोहाळजेवण ठरलं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, मुलुंडला राहायच्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्याआधी दोनदा आशा लागून मोडली होती. आता सातवा लागला होता. घरात सगळे आनंदात होते, पण मोठ्यानं हसायला भीत होते. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, डेकोरेटरकडून भाड्याचा झोपाळा आणायचा ठरवला. मी म्हटलं, "भाड्याचा कशाला? कितीतरी जणी बसून गेलेल्या असतात त्यावर. मी झुला करते. मॅक्रमचा. गोल."

आई म्हणाल्या, "कर. पण तिच्या अंगाला जरा जरी धक्का लागला ना, तर मी तुला कधी माफ करणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"काही होत नाही हो आई," मी म्हटलं.

क्लासच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: पर्सला दोन एमएमची दोरी, कुंडीला तीनची, आणि माणूस बसणार असेल तर सहाच्या खाली यायचं नाही. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली लाल रेघसुद्धा मारली होती. त्यामुळे विसरले असं मला म्हणता येत नाही. झालं असं, की स्टेशनजवळच्या दुकानात सहाची दोरी होती ती काळी आणि पांढरी. डोहाळजेवणाला काळं आईंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं, आणि पांढऱ्याचं तर विचारायचीच सोय नव्हती. हिरवी हवी. चुड्यासारखी हिरवीगार. तशी होती फक्त तीनची.

"बहनजी, झूले के लिए ये पतली पडेगी," दुकानदार म्हणाला.

मी म्हटलं, दोन दोऱ्या एकत्र घेईन. तीन आणि तीन सहा. एवढं गणित मला येत होतं.

अकरा दिवस खपले. फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन लोखंडी कडी करून आणली, एक बसायला, एक पाठीला. पाठीवर पानांची नक्षी काढली, कडेनं शंकरपाळ्या, खाली गोंडे. हॉलच्या छताला पाळण्यासाठी हूक होता, त्याला झुला टांगला तेव्हा सगळ्या सोसायटीच्या बायका बघून गेल्या. "झकास झालाय गं!" मी अशी फुगले की विचारू नका. कार्यक्रमाला चार दिवस उरले होते.

बुधवारी वर्सोव्याची कोळीण आली. आमच्या जिन्यात तिची पाटी रोजची. मी दारात बोंबील निवडत होते आणि ती माझ्या डोक्यावरून आत बघत होती.

"बाय, त्यात काय ठेवनार? कुंडी?"

"माणूस बसणार. आमच्या वन्सं. सातवा महिना आहे."

तिनं पाटी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि आत येऊन झुल्याची दोरी मुठीत धरून खाली खेचली. मग मूठ उघडून मला दाखवली. तळव्यावर लाल वळ उठला होता. "ही कापते गो. धरत नाय. पोटुशी बाय बसवू नको यात."

मला असा राग आला! अकरा दिवसांची मेहनत, सगळ्या सोसायटीनं नावाजलेली, आणि ही काल आलेल्या बोंबलांबरोबर येऊन मला शिकवते. "मावशी, तुम्ही मासळीचं बघा. झुल्याचं मी बघते." ती पाटी उचलून निघून गेली, आणि त्यानं तर मी आणखीच चिडले.

त्या रागातच मी झुल्यात जाऊन बसले. बघा, काही झालं का? काहीसुद्धा नाही. दोरी तुटली नाही, हूक हलला नाही. मी मासिक उघडलं आणि आरामात वाचत बसले. पंधरा मिनिटांनी मला खाली गार गार लागलं. बघते तर मी फरशीवर! झुला इंचाइंचानं ताणत गेला होता, आणि मला पत्ताच नव्हता. पानांची नक्षी लांबून दुधी भोपळ्यासारखी झाली होती.

तेवढ्यात आई आल्या. "अगं, खाली का बसलीस?"

"बसले नाही आई, पोचले."

आधी त्या हसल्या. मग त्यांचं लक्ष दोरीकडे गेलं आणि हसू मावळलं. "भाड्याचाच आणू या," एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वन्सं त्यात बसल्या असत्या तर? मी मोरीत जाऊन रडले, आणि तोंड धुऊन थेट वर्सोव्याला गेले.

कोळणीचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती ओट्यावर बसून पाटी धूत होती. "मावशी, चुकलं माझं," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे दोन शब्द किती अवघड निघतात ते आमच्या घरी विचारा. तिनं काही ताणून धरलं नाही. आतून पाट आणला, बसवलं, चहा दिला. तिचा नवरा अंगणात जाळं सांधत होता, आणि माझ्या झुल्याचं तिनं त्याला आधीच सांगितलेलं होतं. त्यानं मान वर न करता विचारलं, "वजन किती?"

खरंच, मी हे कुणाला विचारलंच नव्हतं. वन्सं मुळात अंगानं भरलेल्या, आणि दृष्ट लागेल म्हणून आई त्यांच्या वजनाचा विषयसुद्धा काढू द्यायच्या नाहीत.

"विचारायची सोय नाही हो," मी म्हटलं.

"मग आठची घे," तो म्हणाला. "आनि पिळाची घे. ती तुझी वेणीची दोरी आतून पोकळ. ताणनारच."

मावशी मला गल्लीतल्या होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात घेऊन गेली. तिथे भेंडोळ्यांवर भेंडोळी, आणि बहुतेक हिरवी! चांगली करंगळीएवढी जाड. मी तिथेच उभी राहून वेड्यासारखी हसत सुटले. क्लासमधल्या आम्हा बायकांपैकी एकीला तरी इकडे यायचं सुचलं होतं का? घरापासून वीस मिनिटांवर!

जाड दोरीचं तंत्रच निराळं. नक्षी विसरायची. पान काढायला गेले तर कोबीचा गड्डा झाला. साध्या चौकोनी गाठी तेवढ्या बसत होत्या, एकेक पेढ्याएवढी, आणि प्रत्येक गाठ ओढायला भिंतीला पाय लावावा लागत होता. पण काम भराभर सरकलं. अकरा दिवसांचा झुला अडीच दिवसांत उभा राहिला. ओबडधोबड, जाळ्यासारखा. सोसायटीतल्या एकीनं "आधीचाच नाजूक होता ना गं," असं म्हणून घेतलंच. मी त्यात आधी स्वतः बसले, मग ह्यांना बसवलं, मग आईंना. फरशीपासूनचं अंतर फूटपट्टीनं मोजलं. अर्धा इंचही फरक नाही. आई मात्र उतरेचनात. "राहू दे गं, बरं वाटतंय," म्हणून चहा तिथेच मागवला.

रविवारी वन्सं आल्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, फुलांचा मुकुट. झुल्यात बसवलं, बायकांनी गाणी सुरू केली, फोटोग्राफरनं "हसा ताई" म्हटलं. त्या हसल्यासुद्धा. पण माझं लक्ष दोरीवर होतं, आणि दोरी ढिली होती. वन्संनी दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले होते. झुल्यात बसून सगळा भार पायांवर पेलून धरला होता, मांड्या थरथरत होत्या.

मी गजरा सारखा करायच्या निमित्तानं वाकले. "वन्सं, टेका ना. आम्ही सगळे बसून बघितलंय. आईंनी तर चहा घेतलाय यात."

"दोरीचं नाही गं," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "मला कशावरच भार टाकवत नाही. सात महिने झाले, मी खुर्चीतसुद्धा अशीच बसते."

मी मागे गेले, झुल्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या मुठीत धरल्या आणि म्हटलं, "मी धरलंय. तुम्हाला वाटेल तेव्हा."

दोन गाणी संपली. तिसरं सुरू झालं. आई दारात ओटीचं तबक घेऊन उभ्या होत्या आणि कुणी हाक मारली तरी हलत नव्हत्या. मग माझ्या मुठीतल्या दोऱ्या हळूहळू ताठ व्हायला लागल्या. आधी उजवी, मग डावी. मी वाकून बघितलं. वन्संचे पाय फरशीवरून सुटले होते, दोन्ही.