धवल्याचा बाजा

रोडपालीच्या काशिरामला लोक खुळा म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यात लोकांची फारशी चूक नव्हती. मिठागरावर राबणारा माणूस, ऊन उतरलं की चार घास खाऊन आडवा पडावा. तर हा ओटीवर बसून पितळेच्या पत्त्या कानशीनं घासायचा. मोठी लढाई संपली तेव्हा पलटणीतून परतलेल्या एका शिपायाकडून त्यानं माउथ ऑर्गन घेतला होता, तोंडानं वाजवायचा बाजा. बदल्यात सुक्या बोंबलांची टोपली दिली आणि जन्माचं दुखणं घरात आणलं.

त्याची बायको भामा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीवाचून एक वेळ निभेल, पण धवलारणीवाचून नाही. हळदीपासून नवरी घरात घेईपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ती गाते. त्यात देवांना बोलावते, मग दोन्ही घरच्या माणसांना एकेक करून नावानं हाक घालते, आणि हाक पडली की तो माणूस पुढे येऊन हळद लावतो. भामाला पार कर्नाळ्याच्या पायथ्यापासून बोलावणी येत. काशिरामनं हौसेनं तिचा एक धवला बाजावर वाजवून पाहिला, तर बाजानं हात टेकले. बाजाचे सूर जिन्याच्या पायऱ्यांसारखे. एकीवरचा पाय उचलायचा नि दुसरीवर टाकायचा. भामाचा आवाज वरून निघे तो घसरत येई आणि दोन पायऱ्यांच्या मधेच कुठंतरी जाऊन बसे. ती मधली जागा बाजात नव्हतीच.

"नसंल तं नसंल," भामा हसून म्हणाली. "मी हाय ना गायाला."

हे ती म्हणाली खरी, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्या गळ्याला गाठ दिसू लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईला जाऊन कापून घ्यायला सांगितलं. कापताना आवाज गेला तर, या भीतीनं ती गेली नाही. लेप लावले, अंगारे झाले, गाठ मात्र आपल्या गतीनं वाढत राहिली. तेव्हापासून काशिराम हात धुऊन बाजाच्या मागे लागला. भामाचा आवाज जाण्याआधी तो बाजात उतरवायचा, म्हणजे तिच्या माघारी लग्नं अडायची नाहीत, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

पनवेलच्या बाजारात कमळाकर नावाचा पेटी दुरुस्त करणारा होता. मोडक्या पेट्यांतल्या, वाऱ्यानं थरथरून सूर देणाऱ्या पत्त्या तो काशिरामला देई, वर शहाणपणही देई.

"अरे, पेटीत मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, येत नाही म्हणून मोठे मोठे गवई तिला नावं ठेवतात. तुझ्या या वीतभर डबीत ती कुठून येणार?"

"गवयांच्या घरी कुनाचा गला बसला नसंल," काशिराम म्हणाला आणि पत्त्या पंचात बांधून चालू लागला.

पावसाळ्यात मिठागर बंद. तेवढे महिने त्याचे. एका साली त्यानं पत्त्यांवर सरकती तार बसवली; ती अंगठ्यानं ओढली की दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखा आवाज येई. दुसऱ्या साली सूर जमले, पण शिमग्याच्या आत सगळ्या पत्त्या हिरव्या पडल्या. मिठागरावरच्या माणसाच्या हातात मीठ मुरलेलं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तो हात गोड्या पाण्यात भिजवून, फडक्यानं पत्ती धरून काम करू लागला. शेजारच्यांना करमणूक झाली. काशिराम आता सोवळ्यात बसतो, असं म्हणून ते हसत.

शेवटी गाडं रुळावर आलं. एकाच लाकडी खणात त्यानं दोन पत्त्या समोरासमोर बसवल्या आणि वारा निसटू नये म्हणून कातड्याची झापडं लावली. आता श्वास घशातून आत ओढला की एक पत्ती दुसरीला दाबायची आणि सूर खाली घसरायचा. पण किती घसरवायचा? ते सांगायला भामाचा गळाच हवा, आणि भामा लग्नाशिवाय धवला तोंडातून काढत नसे. जिनं शिकवलं त्या म्हातारीनं तिला तसा नेम घालून दिला होता. म्हणजे जे काही ऐकायचं ते लग्नातच.

धवलारणीच्या अगदी पाठीला लागून एक जागा असते, शिकणारीची. ती मागे बसून ओळ झेलते, आणि असं झेलता झेलता वर्षानुवर्षांनी धवले तिचे होतात. त्या जागेवर भामाच्या बहिणीची मुलगी शकू बसायची. काशिरामला लांबून ती बारीक घसरण कळेना, म्हणून त्यानं तीच जागा मागितली.

"ती शिकनारीची जागा हाय," भामा म्हणाली.

"मी पन शिकतूच हाय ना?"

भामानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. नवऱ्याचे कापलेले अंगठे तिच्या नजरेसमोर होते. पुढच्या लग्नात शकू उठून बायकांत जाऊन बसली आणि काशिराम गुडघे पोटाशी घेऊन भामाच्या पाठीशी बसला. लग्नसराईमागून लग्नसराई तो तसाच बसला. शकूचं उरणकडे लग्न झालं, ती गेली. तिच्या जागी दुसरी पोर कुणी आणली नाही. जागा रिकामी कुठं होती?

गावातल्या बळीरामच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा भामाचा आवाज पुरता गेला होता. पाणीसुद्धा तिच्या घशाखाली कष्टानं उतरे. बळीरामनं स्वतः येऊन काशिरामला बोलावलं. हळदीला भामा पाटावर बसली, काशिराम तिच्या पाठीशी, आणि त्यानं बाजा ओठाला लावला.

सूर निघाला आणि मांडवातल्या बायका माना वळवून ऐकू लागल्या. तीच घसरण, तेच थबकणं, तीच मधली जागा. एकीनं डोळ्याला पदर लावला. काशिरामला वाटलं, आपण जिंकलो. इतकी वर्षं खुळा म्हणवून घेतलं त्याचं सार्थक झालं. त्यानं एक फेरी पुरी केली, दुसरी केली. हळदीची वाटी होती तिथंच होती. कुणी जागचं उठलं नाही.

म्हाताऱ्या गुणाबाईनं हळूच विचारलं, "काशिराम, गला भामाचाच हाय रं. पन नवरीच्या मामाला हाक कवा घालशील? नाव घेतल्याबिगर तो उठंल कसा?"

काशिरामनं बाजा खाली घेतला. इतक्या लग्नांत तो भामाच्या पाठीला चिकटून बसला, तिचा सूर केसाइतका हलला तरी ओळखू लागला, आणि धवल्याचे शब्द त्याच्या कानावरून पाण्यासारखे वाहून गेले. बाप्याला ते येण्याचं कारणच नव्हतं, म्हणून त्यानं कधी ऐकलेच नाहीत. आता ते कुणाला येत होते? शकूला अर्धेमुर्धे, आणि ती उरणला.

"भामा," तो म्हणाला, "तू सांग."

भामाचे ओठ हलू लागले. बायका पुढे सरकल्या, गुणाबाईनं कान तिच्या तोंडाशी नेला आणि नाही म्हणून मान हलवली. बळीराम अवघडून उभा होता. थोड्या वेळानं त्यानं भोंगेवाल्याला खूण केली, तबकडी लागली, आणि लोक हसत-बोलत जमेल तशी हळद लावू लागले.

भामा थांबली नाही. गाण्याच्या गोंगाटात ती ओठांनी एकेकाचं नाव घेत राहिली. काशिराम आता तिच्या समोर येऊन बसला होता, तिच्या तोंडाकडे डोळे फाडून बघत होता, आणि त्याला त्यातलं एकही नाव ओळखता आलं नाही.