राजाच्या समाधीवरचे दगड

चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मी मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो, तेव्हाची, पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. एका रविवारी इतिहासाचे गुरुजी वर्गाला गोंड राजांची राजधानी दाखवायला निघाले. नेमके त्याच दिवशी एटापल्लीकडच्या आमच्या गावाहून बाबा मला भेटायला आले होते. तेही मागून चालू लागले. त्यांच्या कमरेच्या गाठीत गावच्या नदीतला एक दगड होता. मेलेल्याच्या जागेवर मानाचा दगड ठेवायची आम्हा गोंडांची रीत. राजाच्या समाधीवर एकदा तरी ठेवीन म्हणत आजोबा गेले, म्हणून ते काम बाबांवर आलं होतं.

जटपुरा दरवाज्यावर हत्तीवर चढलेला सिंह दाखवत गुरुजी म्हणाले, "राज्य मोठं होतं, पण आळस अन् दारूनं बुडालं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! एवढा कोट, एवढे दरवाजे आळशांनी बांधले होय? बाबा कोण, मी कोण, हे गुरुजींना चांगलं ठाऊक होतं. तरी मी मान डोलावली.

तिथून आम्ही राजाच्या समाधीपाशी आलो. पायथ्याशी खेड्यांतून आलेल्यांनी ठेवलेल्या दगडांचा ढीग होता. बाबांनी वहाणा काढल्या, आपला दगड ठेवला, डोकं टेकलं. गुरुजी खेकसले, "हा कचरा काऊन करता इथी? उद्या मोठे साहेब येऊन राह्यले. पोट्टेहो, उचला अन् भिंतीपल्याड फेका!"

आम्ही उचलले. बाबांचा दगड माझ्याच हाती आला. अजून त्यांच्या अंगाची ऊब होती त्याला. मी तो फेकला.

"माहा होता तो," बाबा म्हणाले. "तुले दिसला नाई काय?"

"गुरुजीचं ऐका लागते, बाबा."

ते भिंतीपलीकडे गेले. "आता कोनाचा कोनता, कसा ओळखू?" असं पुटपुटत एकेक करून सगळेच दगड परत आणू लागले. गुरुजी पुढच्या दरवाज्याकडे निघाले होते. मीही वर्गाबरोबर गेलो.

गुरुजींचा राग आजही येतो. स्वतःची तर चीड येते. त्या वर्षी परीक्षेत प्रश्न आला: गोंड राज्य का बुडाले? मी आळस लिहिला, दारू लिहिली. वर्गात पहिला आलो. गावभर कौतुक झालं. बाबांनी विचारलं, "काय लिहिलं रे एवढं?"

मी सांगितलं नाही.