वृंदाला बेडोकला नेणारी गाडी

सकाळी पेज करत होते तेव्हा माझ्या मुलाचा, मिलिंदचा, हॉस्पिटलमधून फोन आला. "आई, आज तू येऊ नकोस. मीच येतो घरी." एवढंच म्हणाला. मला कळलं. गॅस बंद केला आणि बसले. पेज वृंदासाठी होती, मीठ-तूप घालून, पातळ केलेली. शेवटी शेवटी तिला दोन-चार चमचेच जात, पण मी रोज डब्यातून नेत होते. अन्न टाकणं मला जमत नाही. ती पेज मी प्यायले, भांडं घासलं आणि मग नातीला, सईला, उठवायला गेले...

वृंदा माझी सून. तिला जाऊन दीडेक महिना झाला. भेटायला आलेले सगळे म्हणत होते, किती हसतमुख होती. होती, खरंच होती. त्या हसण्यानं तिचं नुकसान केलं, हे मात्र कुणी बोललं नाही. म्हणून मी लिहिते आहे.

लग्न होऊन ती सिंगापूरला आली तेव्हा पुण्याची बँकेतली नोकरी सोडून आली. मिलिंद कंपनीच्या बसनं अंधारातच जुरोंग आयलंडला कामावर जाणार, संध्याकाळी दमून येणार. चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये ही एकटी. म्हणून तिनं शनिवारचा मराठीचा वर्ग सुरू केला, तोही पार बेडोकला, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला, कारण तिथल्या एका ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीच्या तळाला, खोली फुकट मिळत होती. इंजिनिअरांची पोरं यायची. घरी आईनं मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी पोरं. ती त्यांना बाजार मांडून द्यायची, खोटी मेथी, खोटी वांगी, आणि घासाघीस करायला लावायची. पुढे मी इथे राहायला आले, तेव्हा मलाही तिनं भाजी विकायला बसवलं. एक चिमुरडा, इथल्या पद्धतीनं शेवटी 'लाह' लावून, मला म्हणाला होता, "आजी, युवर वांगी टू एक्स्पेन्सिव्ह लाह, द्या ना स्वस्तात." वृंदा हसून हसून खाली बसली होती. पगार नाही, काही नाही. पण शनिवार आला की तिच्या अंगात वारं शिरायचं.

मग तो आजार आला. आधी हात, मग पाय, मग मान. डोकं शाबूत आणि बाकी सगळं एकेक करून बंद. मोटरची जड, चाकांची खुर्ची आली. इथल्या बसला उतरती फळी असते, ड्रायव्हर उतरून ती टाकतो, ट्रेनला लिफ्ट असते. तशी ती वर्षभर बेडोकला गेली. एका शनिवारी परत येताना ट्रेनमधल्या गर्दीत तिची मान पुढे पडली आणि श्वास घेता येईना. सईनं घरापर्यंत आईचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं. त्यानंतर डॉक्टर म्हणाले, आता खुर्ची आत चढेल अशी स्वतःची गाडी असेल तरच जा. भाड्याची तशी टॅक्सी मिळते, पण एका फेरीत आठवड्याचा बाजार होईल. आणि विकत घ्यायची तर इथे गाडीपेक्षा ती ठेवायची परवानगी महाग. मिलिंदच्या आवाक्यातलं नव्हतं.

त्यानं बरीच ऑफिसं धुंडाळली. एका ठिकाणी म्हणाले, नोकरीला जात असतील तर सवलत आहे. वर्गाचा पगार नाही म्हणजे ती नोकरी नाही. शेवटी एक धर्मादाय संस्था सापडली. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, म्हणून अर्ज तरी करता आला. गाडीचा मोठा वाटा ते देणार होते, पण आधी त्यांची बाई घरी येऊन परिस्थिती बघणार होती.

तर त्या दिवशी वृंदानं काय करावं? पहाटेपासून माझ्यामागे लागली. "आई, माझी हिरवी नारायणपेठ काढा. पाटल्या घाला. आणि ते श्वासाचं मशीन पडद्यामागे ठेवा, वाईट दिसतं."

"मुलगी दाखवायची आहे का आज?" मी म्हणाले.

"या वयात पसंत पडले तर बघा. कांदेपोहे करा, म्हणजे कार्यक्रम पुरा होईल."

मी केले पोहे. वर खोबरं, कोथिंबीर. बाई आली, चिनी, तरुण, दाराबाहेर नीट बूट काढून ठेवले तिनं. वृंदा खुर्चीत ताठ बसलेली, कपाळाला टिकली, ओठांना रंग. बाई विचारत होती, ही हसून सांगत होती. मी चौथीपर्यंत शिकले, इंग्रजी मला येत नाही, पण 'वी मॅनेज' एवढं कळतं. ते ती दर वाक्याला म्हणत होती. मी मध्येच म्हणाले, "नो मॅनेज. नाइट, शी..." तर वृंदा माझ्याकडे बघून गोड आवाजात म्हणाली, "आई, त्यांना अजून थोडे पोहे वाढा." बाई दोन बश्या खाऊन, आमचे आभार मानून गेली.

नकार आला. कुटुंब व्यवस्थित सांभाळतंय, दुसऱ्यांची गरज जास्त आहे, परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करा. मिलिंद कधी चिडत नाही, तो चिडला. "खरं का नाही सांगितलंस तिला?"

"घरी आलेल्या माणसापुढे रडायचं का मी?"

"ती रडणं मोजायलाच आली होती," मी म्हणाले.

सई म्हणाली, "आजी, डोन्ट स्कोल्ड लाह." मी स्वयंपाकघरात निघून गेले. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी गणपतीत वर्गणी काढू म्हटलं. त्यालाही तिनं नाही म्हटलं. स्टेजवर खुर्ची ठेवतील आणि माइक देतील, म्हणाली. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

परिस्थिती बदलायला फार वेळ लागला नाही. पुढच्या काही महिन्यांत तिचं बोलणं गेलं. शनिवारचा वर्ग दुसऱ्या कुणीतरी घेतला, मग तोही बंद पडला. दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा वृंदा तयार होती. जुना गाऊन, मशीन समोर, नळ्या उघड्या. तीच बाई आली. दारातून वृंदाकडे बघितलं आणि तिथेच थांबली. मग तिनं मिलिंदला बरंच काही सांगितलं, हळू आवाजात. गाडी मंजूर व्हायला, तिच्यात बदल करायला महिने लागतात. पेशंट तोवर, आणि पुढेही, प्रवास करू शकेल असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागेल. डॉक्टरांनी नाही लिहून दिलं. त्यांना दोष देत नाही. पहिल्यांदा ती फार बरी होती आणि दुसऱ्यांदा फार आजारी. मधल्या दिवसांत कुणी आलं असतं तर... पण तेव्हा कोण येणार?

बाई गेल्यावर वृंदानं डोळ्यांनी अक्षरांची पाटी मागितली. सई एकेका अक्षरावर बोट ठेवायची आणि हिची पापणी मिटली की थांबायची. वेळ लागला. शब्द निघाला, 'पोहे'.

"नाही केले," मी सांगितलं.

तिनं रागानं डोळे मिटून घेतले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

गेल्या आठवड्यात खुर्ची गेली. हॉस्पिटलनं दुसऱ्या एका पेशंटसाठी मागितली होती. न्यायला गाडी आली, तशीच, मागून उतरती फळी उघडणारी. मलाय ड्रायव्हरनं बटण दाबलं, खुर्ची सरसर वर चढली. त्यानं चारी बाजूंनी पट्टे आवळले, हलवून बघितले. "ओके, आँटी. व्हेरी सेफ," म्हणाला. मी मान हलवली. गाडी वळून बाहेर पडेपर्यंत खाली उभी राहिले, मग वर आले.

खिडकीपाशी फरशीवर तिच्या चाकांचे काळे पट्टे उमटलेत. तिथून ती मागे-पुढे करून खुर्ची वळवायची, रस्ता दिसेल अशी. मिलिंद म्हणतो, राहू दे आई, पुसू नकोस. त्याला वाटतं मी मुद्दाम ठेवलेत. मी तीनदा घासून बघितलं, लिंबू लावून, सोडा लावून. निघत नाहीत.