तांदळात कोरलेलं नाव

पोरीनं बंगळूरला नोकरीवर जाण्याआधी बीडच्या स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत मला ईमेल काढून दिला. तेव्हापासून तिचं पत्र वाचायला मी घाटनांदूरहून एसटीनं बीडला जायची. वाटेत अंबाजोगाईला गाडी थांबायची, तिथल्या कॅफेची पाटी खिडकीतून दिसायची, आणि ही शहाणी बाई ताठ बसून पुढं. का, तर आपली पेटी बीडला उघडलीय, पत्र तिथंच येणार. तिथंही कोपऱ्यातलंच यंत्र पाहिजे. दुसरा कुणी बसलेला असला की मी त्याच्या मानेवर उभी. मालक मिशीत हसायचा, "थांबा मावशी, तुमची पेटी मोकळी व्हायलीय." एका शब्दानं खरं सांगितलं नाही मेल्यानं. अजून आठवलं की हात शिवशिवतात.

एकदा गावातल्या बूथवर पोरीचा फोन आला. तिचं लग्न ठरत होतं. "आई, एक विचारायचंय, पण फोनवर न्हाई. लिहिलंय. रविवारी ती लोकं यायच्या आत कळव." बूथवाला मुलाकडच्यांचा पाव्हणा, त्याचे कान आधीच आमच्याकडं.

मी बीड गाठलं, तर कॅफेला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "मांजरसुंब्याला गेलं ते. सगळी यंत्रं टेम्पोत घालून." मी शटरला लाथ घातली आणि तिथल्याच एका बूथवरून पोरीच्या ऑफिसात फोन लावला.

"तुझं पत्र टेम्पोत गेलं गं."

आधी ती हसली. "आई, पत्र त्या यंत्रात नसतं. कुठंबी उघड, अंबाजोगाईत उघड."

"मग मी बीडला कावून यायलेय?"

"मला वाटलं, तुला फिरायला आवडतं."

मग तिनं तिच्या कामातलं सांगितलं. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते, पण ती काही थांबेना. पहिल्यांदा एकमेकांना जोडली ती यंत्रं कपाटाएवढी, जागची हलत नव्हती. म्हणून जिथं तार आली तिथला नंबर, तीच त्यांची ओळख. आता माणसं यंत्रं काखेत मारून फिरतात. जागा बदलली की नंबर बदलतो, आणि चालू बोलणं तुटतं. तू कोण आणि तू कुठं, या दोन गोष्टी एकाच नंबरात कोंबल्या, त्या सोडवायला लोक डोकं खपवायलेत म्हणे.

परतताना अंबाजोगाईला उतरले. पत्र होतं. "ती लोकं लग्नात माझं नाव बदलायचं म्हणतायत. माझी पदवी, नोकरी, सगळं याच नावावर आहे. काय सांगू?"

डोकंच फिरलं माझं. माझ्या लग्नात नवऱ्यानं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव कोरलं होतं. आणि मी काय केलं? लाजले. वर मैत्रिणीला म्हणाले, किती झोकदार आहे ना. मूर्ख कुठली. पुढं तीच मैत्रीण नवं नाव विसरून माहेरच्या नावानं मला शोधत आमच्या गल्लीत आली. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "त्या नावाचं इथं कुणी ऱ्हात न्हाई." मी आत भाकरी थापत होते. ऐकलं, आणि मलाही वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी शोधत असेल. ती उन्हातून तशीच परत गेली.

एका बोटानं उत्तर लिहिलं: न्हाई म्हण. पुढचं मी बघते.

रविवारी होणारी विहीण चहा पिता पिता म्हणाली, "रीतच हाय ना ती."

"ताट देते, तांदूळ देते," मी म्हणाले. "पण कोरायचं ते तिचंच नाव. पोरगी घर बदलायलीय, नव्यानं जन्मायली न्हाई."

आमचे हे खोकायला लागले. होणारा जावई मात्र म्हणाला, "मला तेच नाव लिहायला येतं." लग्नात त्यानं तेच लिहिलं.

नंतर अंबाजोगाईत मी आणखी एक ईमेल काढला, माहेरच्या नावानं. पत्ता कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. ह्यांनी चष्मा वर करून विचारलं, "ही कोण?"

"तुमच्या लग्नाला आलती," मी म्हणाले. "नंतर कुणाला दिसली न्हाई."